अपघात, घातपात, खून: राजापूरच्या एका बातमीचं प्रकरण

६ फेब्रुवारी २०२३, सोमवार. त्या सकाळी 'महानगरी टाइम्स' या दैनिकात राजापूरची एक बातमी छापून आली. बारसू-सोलगावच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाची बाजू घेणारा, जमिनीच्या व्यवहारांत असलेला आणि अंगावर गुन्हे दाखल असलेला एक माणूस पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांच्या शेजारी फलकांवर झळकतो आहे, असा तिचा आशय होता. बातमी होती शशिकांत वारिशे यांची. गाव कशेळी, तालुका राजापूर. त्याच दुपारी राजापूरजवळ महामार्गावरच्या पेट्रोल पंपापाशी त्यांच्या दुचाकीला एका थार गाडीने धडक दिली आणि त्यांना फरफटत नेलं. सकाळच्या बातमीत ज्याचा उल्लेख होता तोच माणूस गाडी चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी, ७ फेब्रुवारीला, कोल्हापूरच्या रुग्णालयात वारिशे यांचा मृत्यू झाला.

दोषी कोण हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, म्हणून आरोपीचं नाव इथे घेत नाही. मला तपासायचं आहे ते वेगळं. सोमवारी दुपारी जी घटना कागदावर रस्त्यावरची एक धडक म्हणून उरू शकली असती, ती आठवडा सरता सरता विशेष तपास पथकाकडे सोपवलेलं खुनाचं प्रकरण झाली. बातम्यांनी सरकारला हलवलं, असं तेव्हा सगळेच म्हणाले. कुठे हलवलं, किती हलवलं, आणि कुठे सरकार तसूभरही हललं नाही, हे नीट पाहिलं पाहिजे.

गंगा, पूर आणि प्रकल्प

राजापूरचं नाव मुंबईच्या पेपरात यायचं ते दोन कारणांनी. गंगा (अधूनमधून प्रकटणारे झरे) आली की, आणि पावसाळ्यात अर्जुना-कोदवली नद्यांचं पाणी जवाहर चौकात शिरलं की. तिसरं कारण प्रकल्पांनी दिलं.

आधी माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प ठरला. १६५० मेगावॅटच्या ६ अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. कित्येक वर्षं तो विरोध म्हणजे बाहेरच्यांच्या लेखी आंबेवाल्यांची आणि मच्छीमारांची कुरकुर होती. मग ११ मार्च २०११ ला जपानात भूकंप आणि त्सुनामी झाली, फुकुशिमाच्या इमारतीचा स्फोट घराघरातल्या टीव्हीवर दिसला, आणि माडबनच्या माणसाला स्वतःची भीती कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. ती चित्रं कोकणाबद्दल नव्हती, तरी कोकणातल्या वादाची भाषा त्यांनी एका रात्रीत बदलली. पुढे सवा महिन्याने, १८ एप्रिलला, साखरीनाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला.

मे २०१७ मध्ये त्याच तालुक्यात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना निघाली. सार्वजनिक क्षेत्रातल्या तीन तेल कंपन्यांचा हा प्रकल्प: इंडियन ऑइलचा निम्मा वाटा, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचा प्रत्येकी पाव. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करण्याची क्षमता आणि खर्च सुमारे ३ लाख कोटी रुपये. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची अॅडनॉक यांचीही नावं जोडली गेली. विरोध वाढला, शिवसेनेने तो उचलून धरला, आणि लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, २ मार्च २०१९ ला, अधिसूचना रद्द झाली.

इथे एक छोटा प्रसंग सांगितलाच पाहिजे, कारण माध्यमांचं अर्थकारण इतक्या उघडपणे क्वचित दिसतं. नाणारला विरोध करणाऱ्या पक्षाचं मुखपत्र म्हणजे 'सामना'. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच 'सामना'त रिफायनरीचे फायदे सांगणारी जाहिरात छापून आली. तेव्हा मुख्यमंत्री उद्धव ठाकरेच होते. जाहिरातीवरून पक्षाची भूमिका ठरत नाही, असा खुलासा त्यांनी केला, आणि तो तांत्रिकदृष्ट्या खरा होता. पण सड्यावर राहणाऱ्या वाचकाला पान एकच दिसतं. वरच्या अर्ध्यात विरोध आणि खालच्या अर्ध्यात पाठिंबा वाचल्यावर तो जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग वेगळे आहेत असा विचार करत नाही. 'ह्यांचं काहीतरी ठरलंय' असाच करतो. पुढे जानेवारी २०२२ मध्ये याच मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून रिफायनरीसाठी बारसूची सुमारे १३ हजार एकर जागा सुचवली, आणि ते पत्र बाहेर आल्यावर गावोगावी लोकांनी हेच वाक्य पुन्हा म्हटलं असेल तर त्यांना नावं ठेवता येत नाहीत.

म्हणजे २०२३ उजाडलं तेव्हा राजापूरच्या माणसाचा पक्षावरचा विश्वास तर विरलाच होता, पेपरावरचाही विरला होता. अशा वेळी तो कुणावर विसंबतो? ज्याला तोंडाने ओळखतो त्याच्यावर. तालुक्याच्या वार्ताहरावर.

तालुक्याचा वार्ताहर

मुंबई-पुण्याच्या वाचकासमोर पत्रकार म्हटलं की स्टुडिओ येतो, निदान ओळखपत्र गळ्यात घातलेला पगारी माणूस येतो. तालुक्याचा वार्ताहर तसा नसतो. बहुतेकांना पगार नसतो, मानधन असतं, आणि ते इतकं थोडं असतं की पेट्रोलात जातं. उरलेली कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. दिवाळी, वर्धापनदिन, १५ ऑगस्ट, नेत्यांचे वाढदिवस या काळात तो वही घेऊन फिरतो. कुणाचं दुकान असतं, कुणाची आंब्याची कलमं, कुणी विम्याचं काम करतो, कुणी शिकवण्या घेतो. बातमी हा त्याचा अर्धा धंदा आणि पुष्कळदा पूर्ण जीव असतो.

अडचण अशी की तालुक्यात ज्यांच्याकडे जाहिरात मागायची आणि ज्यांच्याबद्दल बातमी द्यायची ती माणसं एकच. ठेकेदार, जमिनीचे व्यवहार करणारे, पतसंस्थांचे अध्यक्ष, पंचायत समितीचे आजी-माजी. मोठ्या शहरात बातमीदार आणि बातमीतला माणूस यांच्यामध्ये इमारतीची लिफ्ट, सुरक्षारक्षक, कायदा सल्लागार अशा चार भिंती असतात. राजापुरात दोघं एकाच पंपावर पेट्रोल भरतात.

आणि हाच माणूस सगळ्या साखळीचं मूळ असतो. बारसूच्या सड्यावर कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली, कोणत्या वाडीत बाहेरची गाडी येऊन उभी राहिली, ग्रामसभेत कुणी ठराव मांडला आणि कुणी पाठ फिरवली, हे मुंबईच्या संपादकाला दिसत नाही. दिसतं ते वार्ताहराला. त्याने लिहिलं नाही तर जिल्हा पानावर येत नाही, जिल्हा पानावर आलं नाही तर मुंबईची वाहिनी उचलत नाही, आणि वाहिनीने उचललं नाही तर विधानभवनात प्रश्न विचारला जात नाही.

वारिशे रिफायनरीबद्दल सातत्याने लिहीत होते. त्यांच्या कशेळीची दोन ठिकाणं कोकणात सगळ्यांना ठाऊक आहेत: कनकादित्याचं मंदिर, आणि सड्यावरचं ते प्रचंड हत्तीचं कातळशिल्प. बारसूच्या सड्यावरही कातळशिल्पं आहेत, आणि २०२२ मध्ये या दोन्ही ठिकाणांची नावं कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. ती शिल्पं जगासमोर आली ती स्थानिक हौशी शोधकांच्या पायपिटीमुळे आणि तिच्या बातम्यांमुळे. सडा म्हणजे ओसाड, निरुपयोगी जागा, हे कागदावरचं गणित त्या बातम्यांनी मोडलं. प्रकल्पाच्या विरोधात कातळशिल्पांचा मुद्दा पुढे इतका वजनदार ठरला, त्यामागे ही आधीची काही वर्षं आहेत. लोकमत एका बातमीने घडत नाही; असं थरावर थर बसून घडतं.

एका शब्दाचा प्रवास

आता मूळ प्रकरणाकडे.

रस्त्यावर गाडीच्या धडकेत माणूस गेला की तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत सहसा कलम ३०४-अ लागायचं: निष्काळजीपणामुळे मृत्यू, जास्तीत जास्त २ वर्षं शिक्षा. त्याच्या वर कलम ३०४, सदोष मनुष्यवध, ज्यात शिक्षा १० वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. आणि त्याच्या वर ३०२, खून: जन्मठेप किंवा फाशी. गाडी तीच, रस्ता तोच, मेलेला माणूस तोच. फरक फक्त हेतूचा. आणि हेतू रस्त्यावरच्या टायरच्या खुणांत दिसतोच असं नाही. तो मागच्या गोष्टीत दिसतो.

या प्रकरणात सुरुवातीला कलम ३०४ लागलं आणि आरोपीला अटक झाली. नंतर ३०२ लागलं. मधल्या काळात काय घडलं ते पाहा. पहिल्या बातम्यांत 'अपघात' हा शब्द होता, निदान 'अपघाती मृत्यू' होता. मग कुणीतरी सकाळच्या अंकाचं कात्रण मोबाईलवर फिरवलं. सकाळी बातमी, दुपारी धडक: या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाचणाऱ्याच्या मनात हेतूचा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'अपघात की घातपात?' हा मथळा आला. पुढच्या एक-दोन दिवसांत प्रश्नचिन्ह गळून पडलं आणि 'पत्रकाराची हत्या' हा शब्द स्थिरावला.

या प्रवासात वारिशेंनी लिहिलेला तो तुकडा दोनदा कामी आला. एकदा बातमी म्हणून, आणि नंतर हेतूकडे बोट दाखवणारा पुरावा म्हणून. तो छापला गेला नसता, किंवा मंगळवारी छापला गेला असता, तर ही दोन टोकं जोडायला कुणाकडे काय होतं?

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवायला हवी. तपास पुढे सरकतो तशी कलमं बदलतात. ते पोलिसांचं नेहमीचं काम आहे. बातम्यांच्या दबावाशिवाय ३०२ लागलंच नसतं, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण कोकणातल्या कुणालाही विचारा, रस्त्यावर मेलेल्या साध्या माणसाचे कागद किती वेगाने हलतात. माझं मत असं की बातम्यांनी कलम ठरवलं नाही. कलम बदलायला लागणारा वेळ कमी केला, आणि ते न बदलण्याची किंमत वाढवली. सरकारवर माध्यमांचा प्रभाव म्हणतात तो बहुतेक वेळा एवढाच असतो, आणि एवढा असला तरी तो लहान नाही.

त्या आठवड्यात राज्यभर तालुक्या-तालुक्यांतल्या पत्रकारांनी तहसील कार्यालयांसमोर निदर्शनं केली, निवेदनं दिली. मुंबई प्रेस क्लब बोलला, न्यूयॉर्कची कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स बोलली. विरोधी पक्षांनी विषय उचलला. गृहखातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विशेष तपास पथकाचा आदेश दिला. कुटुंबाला २५ लाख रुपयांची मदत जाहीर झाली.

यात सगळ्यात जास्त वजन मी त्या तालुक्यांतल्या निवेदनांना देतो. न्यूयॉर्कचं पत्रक मंत्रालयात वाचलं जातं आणि फाईलला लागतं. पण साडेतीनशे तालुक्यांच्या राज्यात तहसीलदाराच्या टेबलावर एकाच मजकुराचे कागद एकाच आठवड्यात पडायला लागले, की ते खालून वर जातात आणि प्रत्येक पालकमंत्र्याला आपापल्या जिल्ह्यात कुणीतरी तोंडावर विचारतं. सरकारला हा आवाज जास्त ओळखीचा असतो.

त्याच दिवशी तुर्कस्तानात

६ फेब्रुवारी २०२३ हा दिवस जगाला वेगळ्या कारणाने आठवतो. त्या पहाटे तुर्कस्तान आणि सीरियात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर कोसळलेल्या इमारती होत्या. संसदेत अदानी-हिंडेनबर्गचा गदारोळ चालला होता. १० फेब्रुवारीला पंतप्रधान मुंबईत वंदे भारत गाड्यांना झेंडा दाखवायला आले. १२ फेब्रुवारीला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचा राजीनामा मंजूर झाला. १७ फेब्रुवारीला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिला.

ही यादी मुद्दाम दिली, कारण राजापूरच्या बातमीला मोकळी जागा किती होती ते तिच्यातून कळतं. भूकंपाच्या दिवशी ती घुसू शकली नाही; दोन-तीन दिवसांनी घुसली; आणि धनुष्यबाणाचा निकाल आल्यावर पहिल्या पानावरून ती उतरली. म्हणजे तिच्या हातात साधारण आठवडा होता. विशेष तपास पथक, मदत, कलम: सरकारकडून जे काही मिळालं ते त्याच आठवड्यात मिळालं. सरकारी यंत्रणेला हा हिशेब चांगला कळतो. पहिल्या पानावर असेपर्यंत निर्णय, आतल्या पानावर गेलं की आश्वासन.

१९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अभ्यासकांनी चॅपेल हिल या गावातल्या, मत कुणाला द्यायचं हे न ठरलेल्या १०० मतदारांना विचारलं होतं की तुम्हाला महत्त्वाचे प्रश्न कोणते वाटतात. लोकांच्या उत्तरांचा क्रम आणि बातम्यांतल्या विषयांचा क्रम जवळजवळ जुळला. माध्यमं लोकांना काय वाटावं हे ठरवत नसतील, पण कशाबद्दल वाटावं हे ठरवतात, असा तो निष्कर्ष आजवर टिकला आहे. राजापूरच्या आठवड्याला तो लावून पाहिला तर एक जास्तीची गोष्ट दिसते. 'कशाबद्दल' हे ठरताना एका प्रश्नाने दुसऱ्याला ढकललं. वारिशे मरणाआधी ज्याबद्दल लिहीत होते तो विषय होता जमीन, प्रकल्प आणि सत्तेची जवळीक. ते गेल्यावर विषय झाला पत्रकारांची सुरक्षा. दोन्ही खरेच, दोन्ही गरजेचे. पण मुंबईच्या पडद्यावर दुसरा दिसायला लागला तसा पहिला मागे पडला. त्या आठवड्यात बारसूच्या सातबाऱ्यांचं काय झालं हे विचारायला किती जण आले? फार थोडे. मला हे या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं: माणसाची बातमी झाली आणि माणसाने आणलेली बातमी मागे राहिली.

मुंबईतलं गाव

कोकणातल्या लोकमताबद्दल बोलताना एक गोष्ट विसरून चालत नाही. इथल्या गावाचा अर्धा भाग गावात नसतो. तो लालबाग, भांडुप, नालासोपारा, विरार, दिवा इथे असतो, शिमग्याला आणि गणपतीला परत येतो, आणि 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' या नावाने गावच्या प्रत्येक निर्णयात मत देतो. सातबाऱ्यावर नाव त्याचंही असतं. पूर्वी त्याच्यापर्यंत गावची खबर पत्राने किंवा रातराणीने येणाऱ्या माणसाकडून पोचायची. आता व्हॉट्सअॅपच्या गटावर पोचते, आणि तिथे वार्ताहराची पडताळलेली बातमी, कंपनीची जाहिरात, कुणाच्या पुतण्याचा आवाजी संदेश, सगळं एकाच आकाराच्या चौकटीत येतं.

जिल्हा पान हा प्रकार इथे घात करतो. मोठ्या दैनिकांच्या जिल्हावार आवृत्त्या निघाल्या तेव्हा स्थानिक बातमीला जागा मिळाली हे खरं. पण रत्नागिरी आवृत्तीत चार रकाने छापलेली बातमी मुंबई आवृत्तीत एका ओळीनेही नसते. ज्याच्या जमिनीचा प्रश्न तो भांडुपला राहतो आणि ज्या पानावर ती बातमी आहे ते पान लांज्याच्या पुढे जात नाही. वारिशे ज्या प्रकारच्या दैनिकात लिहीत होते त्यांचं महत्त्व इथे कळतं. खप लहान असेल, पण विषयाला वाचकवर्ग होता आणि तो नेमका होता.

सरकार वाचतं कसं

'सरकारने दखल घेतली' हे वाक्य आपण वाचतो, पण ती दखल कुठून जाते? प्रत्येक जिल्ह्यात शासनाचं जिल्हा माहिती कार्यालय असतं. जिल्ह्याबद्दलच्या बातम्यांची कात्रणं तिथून जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातात. मुंबईत माहिती व जनसंपर्क महासंचालनालय तेच मंत्र्यांसाठी करतं. प्रतिकूल बातमी असेल तर संबंधित खात्याकडून खुलासा मागवला जातो. अधिवेशन चालू असेल तर आमदार तेच कात्रण हातात धरून लक्षवेधी लावतो किंवा औचित्याचा मुद्दा काढतो. कधी उच्च न्यायालय बातमीवरून स्वतःहून याचिका दाखल करून घेतं. २०२३ चं अर्थसंकल्पी अधिवेशन २७ फेब्रुवारीला सुरू होणार होतं. वारिशे प्रकरण त्याच्या तीन आठवडे आधी घडलं, आणि सभागृहात उत्तर द्यावं लागणार हे सरकारला ठाऊक होतं.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. २०१७ मध्ये विधिमंडळाने तो केला, देशात असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. हल्ला केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. पण त्यात पत्रकाराची व्याख्या आहे: ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आणि जो एखाद्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा करारावर नोकरीत आहे तो. वर वर्णन केलेला तालुक्याचा वार्ताहर आठवा. त्याच्याकडे करारपत्र नाही, अधिस्वीकृतीपत्रिका (शासनाने पत्रकाराला दिलेलं ओळखपत्र) बहुतेकदा नाही, आणि कमाईचा मोठा भाग कलमांतून किंवा दुकानातून येतो. ज्याला संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज त्याला ते सिद्ध करायला सगळ्यात जास्त कागद लागतात. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात या व्याख्येवर जितकं बोलायला हवं होतं तितकं बोललं गेलं नाही. ज्यांनी बोलायचं ते संपादक ही व्याख्या आपल्या संस्थेतल्या वार्ताहराला करारपत्र देऊन उद्या सकाळी निम्मी निरर्थक करू शकतात, हेही तितकंच खरं आहे.

एप्रिलचा सडा

अडीच महिन्यांनी सरकार बारसूला परतलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माती परीक्षणासाठी यंत्रं सड्यावर चढली, जमावबंदी लागली, मोठा बंदोबस्त आला. बायका भर उन्हात कातळावर आडव्या झाल्या, शंभराहून अधिक जणांना ताब्यात घेतलं गेलं, २८ एप्रिलला अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या. या वेळी कॅमेरे आधीपासून हजर होते. राजापूरचा हा कोपरा त्यांना आता ठाऊक होता, आणि तो ठाऊक होण्याचं कारण फेब्रुवारी होतं.

चित्रांचा परिणाम झाला. तापलेल्या कातळावर पडलेल्या म्हाताऱ्या बाईचं चित्र पाहिल्यावर 'बाहेरून आणलेले आंदोलक' हा शब्द पचवणं कठीण जातं. मंत्र्यांनी चर्चेची भाषा सुरू केली, अधिकारी आणि ग्रामस्थ यांच्या बैठका झाल्या, काम काही दिवस थांबलं. पण माती परीक्षण थांबलं नाही. ते पूर्ण झालं. रिफायनरी अजून उभी राहिलेली नाही, आणि त्याचं श्रेय एकट्या बातम्यांना देणं चूक ठरेल. जमीन, पैसा, पक्षांची फाटाफूट, निवडणुका: सगळं त्यात आहे.

निवडणुकीवरून लोकमत वाचायला गेलं तर इथे फसगत होते. २०२४ च्या विधानसभेला राजापुरात ठाकरे गटाचे राजन साळवी पडले आणि शिंदे गटाचे किरण सामंत, उद्योगमंत्र्यांचे भाऊ, निवडून आले. लगेच कुणी म्हणालं की लोकांनी रिफायनरीच्या बाजूने कौल दिला. पण साळवींनी स्वतः आधी प्रकल्पाला पाठिंबा दर्शवला होता. मग बारसूच्या विरोधक मतदाराने ते बटण कुठे शोधायचं? रस्ता, पाणी, आरोग्य केंद्र, वाडीचं राजकारण, लाडकी बहीण यांतून मत पडतं. ज्या प्रश्नावर बाई कातळावर झोपली तो प्रश्न यंत्रावर नव्हताच. म्हणूनच तिला कॅमेऱ्यासमोर झोपावं लागलं, आणि म्हणूनच तालुक्याचा वार्ताहर तिला आमदाराइतका लागतो.

दर्पण आणि वार्ताहर

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, राजापूरचे शेजारी. ६ जानेवारीला राज्यभर पत्रकार दिन होतो: तालुक्याच्या सभागृहात हार, श्रीफळ, शाल, आणि वर्षातून एकदा वार्ताहराचा सत्कार. २०२३ मध्येही झाला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, ६ फेब्रुवारीला, पंपापाशी ती धडक झाली.

कोकणातल्या पेपरात तालुक्याची बातमी आजही बहुतेक वेळा एका ठरावीक पद्धतीने सुरू होते: गावाचं नाव, तारीख, आणि कंसात 'वार्ताहर'. नाव नसतं. वाचणाऱ्याला कोण ते माहीत असतं, कारण तो त्याच बाजारात भेटतो. वारिशेंचं नाव महाराष्ट्राने पहिल्यांदा वाचलं ते मथळ्यात. त्यांच्यानंतर जो कुणी राजापुरातून सड्याच्या जमिनीबद्दल लिहितो आहे त्याची बातमी उद्या दहाच्या एसटीने येणाऱ्या गठ्ठ्यात असेल, पाचव्या किंवा सहाव्या पानावर, खालच्या बाजूला, शुभेच्छांच्या जाहिरातीला लागून.